कॅमेरा चालू, चित्र बंद

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

चोरी झाली किंवा धडक देऊन गाडी पळाली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘चौकातील सीसीटीव्ही कॅमेरा बंद असल्याचे समजते.’ मग लोक चिडतात, कोट्यवधींचा खर्च गेला कुठे म्हणून विचारतात, निवेदने दिली जातात. चार दिवसांनी ‘दुरुस्ती सुरू आहे’ असे उत्तर येते आणि विषय मिटतो. लोकांचा राग रास्त आहे. पण ‘बंद’ या एका शब्दात इतक्या निरनिराळ्या भानगडी कोंबलेल्या असतात की, त्या शब्दाने विचारलेल्या प्रश्नाला खरे उत्तर मिळूच शकत नाही.

आम्ही सांगली-मिरज भागात कॅमेरे, फायबर आणि वीजजोडणीची कामे करणारे लोक आहोत. कोणत्या नियंत्रण कक्षाकडे किंवा ठेकेदाराकडे बोट दाखवण्यासाठी हे पत्र लिहिलेले नाही. सांगली असो, तासगाव, विटा किंवा सातारा असो, सरकारी पैशाने उभ्या राहिलेल्या अशा यंत्रणा आजारी पडतात त्या साधारण त्याच त्याच कारणांनी. ती कारणे वाचकांना माहीत झाली तर पुढच्या वेळी प्रश्न नेमका विचारता येईल, एवढ्यासाठी हा खटाटोप.

आधी मुळातली गोम. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर कॅमेऱ्याच्या नावापुढे हिरवा ठिपका दिसतो तो ‘पिंग’चा असतो. सर्व्हर कॅमेऱ्याला हाक मारतो, कॅमेरा ‘ओ’ देतो, ठिपका हिरवा. त्या कॅमेऱ्यासमोर कोळ्याचे जाळे असो, फलक असो, झाडाची फांदी असो किंवा तो वाऱ्याने वळून आभाळाकडे बघत असो, ठिपका हिरवाच राहतो. मागच्या आठवड्यापासून त्याचे रेकॉर्डिंग होत नसले तरीही हिरवा! ठेकेदाराचे बिल याच ठिपक्यांच्या बेरजेवर निघते. म्हणून ‘९७ टक्के कॅमेरे सुरू आहेत’ हे अधिकाऱ्यांचे म्हणणे आणि ‘एकही कॅमेरा कामाचा नाही’ हे लोकांचे म्हणणे एकाच दिवशी खरे असू शकते.

आता खांबाकडे. सहा-सात मीटरचा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) खांब, वर आडवा हात, त्यावर दोन-तीन कॅमेरे आणि खाली छातीच्या उंचीवर एक पत्र्याची पेटी. सगळे वर कॅमेऱ्याकडे बघतात. खरे तर कॅमेरा क्वचितच बिघडतो, बिघडते ते पेटीतले. पेटी उघडली की आत दिसते ते असे : २३० व्होल्टची केबल येऊन एमसीबीला (बिघाड होताच आपोआप पडणाऱ्या खटक्याला) लागलेली, त्यानंतर विजेचा अचानक चढलेला दाब अडवणारा सर्ज प्रोटेक्टर, त्यापुढे बॅटरी जोडलेला एसएमपीएस (कमी दाबाची वीज करून देणारा डबा) किंवा छोटा यूपीएस, मग पीओई स्विच (एकाच केबलने कॅमेऱ्याला वीज देणारा आणि त्याचे चित्र घेणारा), त्यात फायबर जोडण्याचा एसएफपी, आणि एका कोपऱ्यात फायबर संपवण्याची डबी, तिच्यातून निघालेली पिवळी पॅच कॉर्ड. दोन स्थिर कॅमेरे दहा-बारा वॉटचे, एक फिरता कॅमेरा तीस वॉटच्या आसपास, स्विच दहा वॉट. सगळे मिळून साठ-पासष्ट वॉट धरा.

बॅटरी बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची असते, म्हणजे कागदावर ८४ वॉट-अवर. निविदेत कोणी तरी ‘दोन तास बॅकअप’ लिहून ठेवलेले असते. ८४ ला ६० ने भागले तरी दीड तासही भरत नाही. त्यात ही ७ अँपिअर-अवर क्षमता वीस तास हळूहळू वीज काढली तर मिळते; एकदम पाच अँपिअर ओढले की नवी कोरी बॅटरीसुद्धा पाऊण तासात मान टाकते. शिवाय तिचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. तापमान दर दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्मे, हा या बॅटऱ्यांचा ठोकळ नियम. मे महिन्यात उन्हात तापलेल्या बंद पेटीत पन्नास अंश सहज होतात. चार वर्षे टिकेल म्हणून विकलेली बॅटरी तिथे पहिला उन्हाळा कसाबसा काढते. किंमत हजार-बाराशे रुपये. वर्षातून एकदा बदलायची, एवढेच काम. पण देखभालीच्या करारात ‘बॅटरी ही उपभोग्य वस्तू असल्याने वगळण्यात येत आहे’ असे एक वाक्य असते आणि ती कुणीच बदलत नाही.

बॅटरी मेली की वीज दहा सेकंद गेली तरी सगळे बंद पडून पुन्हा सुरू होते. स्थिर कॅमेरा दीड-दोन मिनिटांत परत येतो. फिरत्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी. त्यात वीज आल्यावर कुठल्या जागी परतायचे ते आधी भरून ठेवावे लागते; ते भरलेले नसेल तर तो गिरकी घेऊन आपल्या मूळ जागी थांबतो, आणि ती मूळ जागा म्हणजे बऱ्याचदा समोरच्या इमारतीची भिंत. कक्षात बसलेला माणूस बघत नसेल तर तो दिवसभर भिंतच टिपत राहतो. ठिपका अर्थातच हिरवा.

वीज कुठून घेतली हाही प्रश्नच. वेगळे मीटर घ्यायचे तर अर्ज, अनामत, दरमहा बिल आणि ते कोणत्या खात्याने भरायचे याची पत्रापत्री. म्हणून सोपा मार्ग निघतो : शेजारच्या पथदिव्याच्या तारेवरून जोडणी. पथदिव्यांना टायमर असतो. सकाळी दिवे बंद, त्यासोबत कॅमेराही बंद. बॅटरी पाऊण तास तग धरते, म्हणजे साडेसहाला दिवे गेले तर सव्वासातला चित्र गेले. संध्याकाळी दिवे लागले की आपोआप दुरुस्त! दिवसा गेलेल्या तंत्रज्ञाला कॅमेरा मेलेला दिसतो, तो कॅमेराच बदलायची शिफारस करतो. रात्री कक्षात बसणाऱ्याला तोच कॅमेरा ठणठणीत दिसतो. हा घोळ महिनोन्‌महिने चालू शकतो. ओळखण्याची खूण एकच : कॅमेरा रोज ठरावीक वेळेला जातो आणि ठरावीक वेळेला येतो.

पेटीच्या तळाशी केबल आत घेण्याची भोके असतात. प्रत्येक भोकाला ग्लँड (केबलभोवतीची फट बंद करणारी कडी) बसवून ती आवळायची आणि न वापरलेली भोके बुजवायची. हे पाच मिनिटांचे काम राहून गेले की पहिल्या पावसाआधी मुंग्या येतात, त्यांच्यामागे पाल. पाल एमसीबीच्या टर्मिनलवर चढली की फेज-न्यूट्रल एक, म्हणजे शॉर्ट सर्किट. पाल जाते, एमसीबी पडतो. खाली पडलेला एमसीबी वर करायला एक माणूस आणि एक किल्ली लागते. पण ती किल्ली दुसऱ्या जिल्ह्यातल्या उपठेकेदाराकडे असेल तर तेवढ्यासाठी आठवडा जातो.

अर्थिंगबद्दल जरा सविस्तर लिहायला हवे, कारण वळवाच्या दोन पावसांत सर्वांत जास्त नुकसान इथेच होते. एप्रिल-मेमध्ये वीज जवळपास कुठे पडली तरी तारांमध्ये क्षणभर हजारो व्होल्टचा दाब चढतो. तो जमिनीत उतरवायला सर्ज प्रोटेक्टर असतो. पण प्रोटेक्टर म्हणजे नुसती मोरी, पाणी जायला पुढे गटार हवे. ते गटार म्हणजे अर्थिंग. तीन मीटरच्या आसपास खोल जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला नरसाळे, आणि तिथून खांबापर्यंत जाड पट्टी. रोध पाच ओहमच्या आत हवा. आपल्याकडच्या काळ्या मातीची खोड अशी की, पावसाळ्यात ओल धरल्यावर तिचा रोध छान कमी येतो आणि त्याच महिन्यात मोजणी करून दाखला घेतला जातो. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि नेमक्या वळवाच्या तोंडावर रोध कितीतरी पट चढलेला असतो. म्हणून मोजणी मेच्या पहिल्या आठवड्यात करायची आणि खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून ठेवायचे. तांब्याची पट्टी वापरली तर ती चोरीला जाते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी अंदाजपत्रकात तांबेच असते. जीआय पट्टी घाला, ती जागेवर राहते. प्रोटेक्टरवर छोटी खिडकी असते, हिरवी असली तर ठीक, लाल झाली तर तो एकदा लढून संपलेला आहे. लाल खिडकी बघायला पेटी उघडावी लागते, ती कोणी उघडत नाही, आणि पुढच्या विजेला स्विच जळतो.

खांबापासून कक्षापर्यंत फायबर, म्हणजे चित्र वाहून नेणारी काचेच्या धाग्याची केबल. इथला शत्रू जेसीबी. ड्रेनेज, गॅस, पाण्याची लाइन, रस्ता, कुठल्या ना कुठल्या खात्याचे खोदकाम चालूच असते. फायबर तुटली की ओटीडीआर यंत्र लावून तुटलेली जागा शोधतात. यंत्र सांगते, कक्षापासून १३४० मीटर. पण ते अंतर काचेच्या धाग्यावरचे. प्रत्येक चेंबरमध्ये (केबलसाठीच्या झाकणबंद खड्ड्यात) पुढच्या दुरुस्तीसाठी दहा-पंधरा मीटरचे वेटोळे ठेवलेले असते. वाटेत सहा चेंबर असतील तर रस्त्यावरचे अंतर ६० ते ९० मीटरने कमी भरणार. चेंबर किती, कुठे, वेटोळे किती, हे दाखवणारा प्रत्यक्ष कामाचा नकाशा हातात नसेल तर तंत्रज्ञ १३४० मीटरवर रस्ता खोदून बसतो आणि तिथे फायबर धडधाकट निघते. जागा माहीत असेल तर खड्डा, सांधा, क्लोजर (सांध्यावरचा बंद डबा) धरून तीन-चार तासांत काम होते. माहीत नसेल तर चार दिवस. नकाशा मागितला की बहुतेक ठिकाणी निविदेसोबतचा गुगलवरचा रंगीत नकाशा पुढे येतो. तो मनोराज्याचा नकाशा, प्रत्यक्ष केबल त्या रस्त्याने गेलेली असेलच असे नाही.

वरून टाकलेल्या केबलचे दुखणे वेगळे. ऊस हंगाम सुरू झाला की उंच भरलेल्या ट्रॉल्या आडव्या केबलखालून जातात. केबल साडेपाच मीटरवर बांधलेली असली तरी उन्हाने ती सैल होऊन लोंबते आणि एखाद्या ट्रॉलीच्या मोळ्यांना अडकून जाते. तुटली नाही तरी ताणली जाते, आतला धागा दुमडतो. चित्र येते, पण चौकटी पडतात, थांबते, पुन्हा चालते. ‘नेटवर्क स्लो आहे’ म्हणतात ते अनेकदा हेच.

यावर उपाय जुनाच आहे : फायबरची जाळी माळेसारखी न करता कड्यासारखी करायची. माळेत तिसऱ्या चौकात केबल तुटली की चौथ्यापासून पुढचे सगळे अंधारात. कड्यात एका जागी तुटली तर उलट्या बाजूने वाट मिळते. कड्यासाठी केबल थोडी जास्त लागते, स्विच जरा महाग. एवढ्यावर काटकसर करून पुढे कक्षाच्या भिंतीवर आणखी मोठा पडदा बसवला जातो. पाहुण्यांना फायबर दाखवता येत नाही, पडदा दाखवता येतो!

आता समजा सगळे सुरू आहे आणि चित्रही येते आहे. तरी चेहरा का ओळखता येत नाही? कारण भिंग. दोन मेगापिक्सेलच्या चित्रात आडवे १९२० ठिपके (पिक्सेल) असतात. माणूस नक्की तोच, असे म्हणायला दर मीटरला २५० ठिपके लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५. आयईसी ६२६७६ या आंतरराष्ट्रीय मानकात हे आकडे दिलेले आहेत. १९२० ला २५० ने भागा : चित्रात मावणारा रस्ता ७.६८ मीटर रुंदीचा असला तरच चेहरा पटणार. आता सर्वांत स्वस्त २.८ मिलिमीटरचे भिंग घ्या. पंधरा मीटरवर ते साधारण तीस मीटर रुंदीचे दृश्य दाखवते, म्हणजे मीटरला ६४ ठिपके. माणसाचा चेहरा पंधरा-सोळा सेंटिमीटर रुंद, तो त्या चित्रात दहा ठिपक्यांत बसतो. कोणत्याही संगणकावर ‘झूम’ केले तरी दहाचे चाळीस होत नाहीत. सिनेमात होतात तेवढेच. त्याच जागी १२ मिलिमीटरचे भिंग लावले तर सात मीटर रुंदी दिसते आणि चेहरा चव्वेचाळीस ठिपक्यांचा होतो. कॅमेरा तोच, खर्चही जवळपास तोच. पण स्थळपाहणीच्या वेळी ‘एका कॅमेऱ्यात अख्खा चौक आला पाहिजे’ असा आग्रह धरला जातो आणि अख्खा चौक येतो, माणूस मात्र येत नाही. सांगलीचा मारुती चौक किंवा मिरजेचा शास्त्री चौक घ्या. एक रुंद भिंगाचा कॅमेरा गर्दीसाठी आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी एक अरुंद भिंगाचा, अशी वाटणी हवी.

गाडीचा नंबर वाचणे हे आणखी अवघड. ताशी ४० किलोमीटरने आडवी जाणारी दुचाकी सेकंदाला ११ मीटर जाते. रात्री उजेड कमी म्हणून कॅमेरा शटर १/२५ सेकंद उघडे ठेवतो. तेवढ्यात गाडी ४४ सेंटिमीटर पुढे सरकते. दुचाकीची मागची पाटी २० सेंटिमीटर रुंद. पाटीचा नुसता पांढरा फराटा उरतो. शटर १/१००० केले तर गाडी एका सेंटिमीटरभर सरकते, पण मग चित्र काळेकुट्ट. त्यासाठी वेगळा इन्फ्रारेड दिवा लागतो. तो दिवा चुकीच्या कोनात लावला की परावर्तक पाटी लख्ख पांढरी होते आणि आकडे विरघळतात. म्हणून नंबर वाचणारा कॅमेरा हा वेगळाच, त्याची जागा, उंची आणि कोन वेगळे. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रावर ‘नंबर वाचणारे सॉफ्टवेअर’ विकत घेणे म्हणजे मोतीबिंदू झालेल्या डोळ्याला महागडा चष्मा. आणि मागे पाटीच नसलेल्या किंवा चिखलाने माखलेल्या ट्रॉल्यांचे काय, हा प्रश्न कॅमेऱ्याने सुटणारा नाही.

काचेवरची धूळ आणि जाळी यांवर फार लिहीत नाही. इन्फ्रारेड दिव्याभोवती किडे जमतात, किड्यांसाठी कोळी येतो, रात्री तो दिवा जाळ्यावरच उजळतो आणि चित्र दुधाळ होते. दोन महिन्यांतून एकदा साबणाचे पाणी आणि मऊ कापड पुरते. त्यासाठी पथदिव्यांच्या दुरुस्तीची शिडीगाडी एक दिवस मागून घ्यावी लागते, आणि ती दुसऱ्या विभागाकडे असते.

साठवणुकीचा घोळ मात्र उघडकीला येतो तो गुन्हा घडल्यावरच. कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी, तीस दिवसांना ६४८ जीबी. शंभर कॅमेऱ्यांना सुमारे ६५ टीबी (एक टीबी म्हणजे हजार जीबी). आठ टीबीच्या बारा डिस्क रेड-६ पद्धतीने (दोन डिस्क बिघडल्या तरी माहिती शाबूत राहील अशा) लावल्या की दोन डिस्क सुरक्षेसाठी जातात, ८० टीबी वापरायला मिळतात. हिशेब जमला. पण कोणी तरी ‘चित्र धूसर आहे’ म्हणाले आणि तंत्रज्ञाने ४ मेगाबिट करून ठेवले, तर तेच तीस दिवस साडेअठरावर येतात. कुठेही लाल दिवा लागत नाही, जुने रेकॉर्डिंग आपोआप पुसले जाते. फिर्याद विसाव्या दिवशी आली, तपासी अधिकारी बाविसाव्या दिवशी पत्र घेऊन आले, तर उत्तर ‘फुटेज उपलब्ध नाही.’ बाहेर छापून येते ‘कॅमेरा बंद होता.’ कॅमेरा बंद नव्हता. डिस्कचेही असेच : रेड-६ मध्ये एक गेली तरी काम चालते, सर्व्हर पिपाणी वाजवतो, रात्रपाळीचा माणूस ती पिपाणी बंद करतो. दुसरी गेली तरीही चालते. तिसरी गेली की सगळे गेले. बचतीसाठी घरगुती संगणकाच्या डिस्क घातल्या असतील तर एकाच खेपेतल्या त्या डिस्क थोड्याथोडक्या अंतराने एकामागोमाग जातात.

घड्याळाकडे कोणाचे लक्ष नसते. दिवसाला दोन सेकंद चुकले तरी महिन्याला एक मिनिट, वर्षाला बारा मिनिटे. दुचाकी पुष्पराज चौकातून विश्रामबागकडे गेली आणि विश्रामबागच्या कॅमेऱ्याचे घड्याळ मागे असेल, तर रेकॉर्डिंगमध्ये ती निघण्याआधीच पोहोचते. बचाव पक्षाच्या वकिलाला यापेक्षा जास्त काय हवे? कॅमेऱ्यांचे जाळे इंटरनेटपासून तोडलेले असते, ते योग्यच. पण मग सगळ्यांना वेळ देणारा एक सर्व्हर आत ठेवावा लागतो आणि त्याची वेळ प्रमाणवेळेशी जुळवावी लागते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या) वेळेशी जुळवायला सांगितलेलेच आहे.

वेळेला किती महत्त्व येऊ शकते याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीतील अर्ज मुदतीत दाखल झाला की नंतर, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावर येऊन थांबला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जुलै २०२० च्या त्या निकालात, मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलेले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे स्पष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आले आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्रणा सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलचे हॅश मूल्य (फाइलवरून काढलेला, ती जराही बदलली की बदलणारा आकडा) त्यात लिहावे लागते. मोबाइलने पडद्याचे चित्रण करून व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या क्लिपला असे प्रमाणपत्र कोण आणि कशाचे देणार? कक्षात मूळ फाइल काढून तिचे हॅश मूल्य नोंदवणारा एक प्रशिक्षित माणूस प्रत्येक पाळीत हवा. मोठ्या पडद्याच्या किमतीत असे किती जण किती वर्षे नेमता आले असते, हा हिशेब वाचकांनी करावा.

करारातली आकडेमोड तर बघण्यासारखी आहे. ‘९५ टक्के उपलब्धता’ ऐकायला छान वाटते. महिन्याचे तास ७२०, त्याचे पाच टक्के ३६ तास. एक कॅमेरा महिन्यात दीड दिवस बंद राहिला तर चालेल, असा त्याचा अर्थ. पण सरासरी सगळ्या कॅमेऱ्यांची मिळून काढली, तर शंभरातले पाच कॅमेरे महिनाभर मेलेले राहिले तरी दंड शून्य. ते पाच कुठले, हे कोणी विचारत नाही. आणि दुरुस्तीला अवघड म्हणून बहुधा तेच ते पाच राहतात. त्यात ‘वीज नसणे, फायबर तुटणे, त्रयस्थाने केलेले नुकसान वगळून’ हे शेपूट. वर लिहिलेली बहुतेक कारणे या शेपटात बसतात. मग उरले काय?

महापूर ही आपली वेगळी परीक्षा. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर आले की इशारा, ४५ वर धोका; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. पेटी कुठल्या उंचीवर बसवायची हे त्या त्या चौकातल्या २०१९ च्या पाण्याच्या खुणेवरून ठरायला हवे, निविदेतल्या छापील ‘१.२ मीटर’वरून नव्हे. दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट किंवा मारुती चौकात पेटी खांबावर वर, शिडीने पोहोचावे अशी हवी. पुराच्या वेळी वीज मुद्दाम तोडली जाते, तेव्हा पाऊण तासाची बॅटरी निरुपयोगी. सगळीकडे शक्य नाही, पण नदीकाठच्या आणि पुलांवरच्या निवडक जागी सौर पॅनेल आणि मोठी बॅटरी आवश्यक आहे. जमिनीखालच्या क्लोजरमध्ये पाणी शिरले की फायबर लगेच जात नाही, गाळ सुकल्यावर दोन-तीन महिन्यांनी जाते. म्हणून पूर ओसरताच चेंबर उपसून क्लोजर तपासावे लागतात.

मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीचीही अशीच अडचण. मार्गावर भव्य स्वागत कमानी उभ्या राहतात आणि त्या नेमक्या चौकाच्या तोंडाशी, कॅमेऱ्याच्या समोर. वर्षातला सर्वांत गर्दीचा दिवस आणि कॅमेऱ्याला दिसते कमानीची मागची बाजू. कमानीला परवानगी देतानाच त्या जागेच्या कॅमेऱ्याचे चित्र समोर ठेवून चार फूट अलीकडे-पलीकडे करायला सांगितले तर मंडळेही ऐकतील.

आमच्या मागण्या फार नाहीत. उपलब्धता पिंगवर न मोजता चित्रावर मोजा : प्रत्येक कॅमेऱ्याचे दुपारी दोनचे आणि रात्री दहाचे एक स्थिर चित्र आपोआप काढून, बसवताना घेतलेल्या मूळ चित्राशी ताडून पाहा. सरासरी नको, कॅमेरावार आकडा हवा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये स्वतःहून माहिती जाहीर करण्याची तरतूद आहेच. तिच्याखाली दरमहा एक तक्ता लावा. कोणाचे चित्र नको, फक्त जागा, किती तास खरे चित्र मिळाले, सर्वांत जुने रेकॉर्डिंग कोणत्या तारखेचे, घड्याळातला फरक किती सेकंद, आणि बंद असेल तर कारण एका शब्दात : वीज, बॅटरी, फायबर, भिंग की डिस्क. ठेकेदाराचे शेवटचे बिल देण्याआधी पासवर्ड, आयपी पत्त्यांची (जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राच्या क्रमांकांची) वही, सॉफ्टवेअरचे परवाने, पेट्यांच्या किल्ल्या आणि फायबरचा खरा नकाशा ताब्यात घ्या. ठेकेदार बदलल्यावर पासवर्डअभावी अख्खी यंत्रणा नव्याने विकत घेण्याची वेळ येते, ती याच एका चुकीमुळे. शंभर कॅमेऱ्यांमागे पाच कॅमेरे, दहा स्विच, पंधरा एसएमपीएस आणि तीस-चाळीस बॅटऱ्या जिल्ह्याच्या ठिकाणीच सुट्या ठेवा. पुण्याहून सामान येईपर्यंत वाट बघण्याची गरज नाही.

आणि ज्यांना यंत्रणा खरेच चालू आहे का हे पाहायचे आहे त्या लोकप्रतिनिधींनी आणि आपल्या वार्ताहरांनी पडद्यासमोर उभे राहून फोटो काढू नयेत. रात्री नऊनंतर कुठलाही चौक, आधी न कळवता, निवडावा. एकाने थांबारेषेवर उभे राहून दुचाकीची पाटी छातीशी धरावी, शेजारी मोबाइलवर सेकंदासकट घड्याळ उघडे ठेवावे. दुसऱ्याने कक्षात त्या मिनिटाचे रेकॉर्डिंग मागावे, थेट चित्र नव्हे. मग त्याच कॅमेऱ्याचे एकोणतीस दिवसांपूर्वीचे, त्याच वेळेचे रेकॉर्डिंग मागावे. पाटी वाचता येते का, दोन घड्याळे जुळतात का, आणि जुने रेकॉर्डिंग निघते का, एवढे तीनच प्रश्न. अर्धा तास पुरतो.

आपले,
सीसीटीव्ही, फायबर आणि वीजजोडणीच्या कामातले काही तंत्रज्ञ,
सांगली-मिरज